कुटुंबाची गाडी थोडीशी उचलायची आहे: ठाणे-नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक एर्टिगा, ब्रेझा, डस्टर, इनोव्हा, बोलेरो चालवणाऱ्यांकडून येतात. सोमवार ते शुक्रवार घोडबंदर रोड नाहीतर ठाणे-बेलापूर रोड, आणि सुट्टीच्या दिवशी मुरबाड, शहापूर, जव्हार किंवा कर्जतच्या आतला एखादा मुरुमाचा रस्ता. स्पर्धेत उतरणाऱ्या किंवा दगडांवर चढवायच्या गाड्यांचा विचार इथे केलेला नाही. सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उचलणं म्हणजे लिफ्ट, आणि 'माफक' लिफ्ट म्हणजे इथे २० ते ४० मिमी. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल; एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सस्पेन्शन लिफ्ट केल्यावर गाडीचं नक्की काय वर जातं?

चाकं जागच्या जागी राहतात, त्यांच्यावरची बॉडी वर जाते. एर्टिगा, ब्रेझा यांसारख्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि ऑइलचा चेंबर बॉडीच्याच आधाराने असतात, त्यामुळे तेही वर येतात. लोअर आर्मचं (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) चाकाकडचं टोक आणि शॉकअपचा खालचा बोल्ट मात्र होते तिथेच राहतात.

इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ, बोलेरो आणि थारला मागे सलग एक्सल आहे आणि डिफरन्शिअलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) त्यातच असतो. जिम्नीला पुढेही तसाच. स्प्रिंग कितीही उंच घाला, तो गोळा एक मिलिमीटरसुद्धा वर येत नाही. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा (प्रश्न ४).

क्लिअरन्सच्या, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीच्या, आकड्याइतकेच कोनही महत्त्वाचे: चढाला पुढचा बंपर टेकायचा कोन, उतरताना मागचा टेकायचा कोन, आणि उंचवट्यावर गाडीचं पोट टेकायचा कोन. पुढच्या-मागच्या चाकांत २६०० मिमी अंतर आणि मध्यभागी १८० मिमी उंची असेल, तर पोटाचा कोन साधारण १६ अंश येतो. २५ मिमी वाढवले की १८ अंश. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण बांध ओलांडताना पोट टेकणार की सुटणार, हे तेवढ्यावरच ठरतं.

२. मला लिफ्टची खरंच गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

गाडी रॅम्पवर घ्या आणि खाली टॉर्च मारा. खरचटलेल्या जागा सगळं सांगतात. फक्त पुढच्या बंपरची खालची पट्टी खरचटली असेल, तर चढ तिरपा घेण्याची सवय लावली की बराचसा प्रश्न मिटतो. चेंबरच्या आसपास चमकदार ओरखडे दिसले, तर आधी कवच, म्हणजे इंजिनखालचा जाड पत्रा, लावा. सायलेन्सरचं मागचं नळकांडं आणि मागच्या बंपरची कड घासलेली असेल, तर मागची बाजू वजनाने बसते आहे.

मग टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आधी रिकाम्या गाडीचं, मग घरची सगळी मंडळी बसवून, डिकीत नेहमीचं सामान टाकून. सात सीटर गाडी असेल तर मागचा फरक पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त निघेल. तसा निघाला तर चारही चाकं उचलण्यापेक्षा मागच्या स्प्रिंगकडे बघा. गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल, तर त्याच मॉडेलची नवी गाडी शोधून तिचंही माप घ्या. जुन्या स्प्रिंग बसलेल्या असतील तर कंपनीच्या नव्या स्प्रिंग टाकूनच गेलेली उंची परत मिळते, आणि त्यात ना कायद्याचा घोळ ना वॉरंटीचा.

फक्त सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावर गाडी घासते म्हणून लिफ्ट मागणारेही खूप आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर लांब, गोलसर असतो. त्याला कुठलीही धड गाडी घासत नाही. आपल्याकडे तेवढीच उंची दोन फुटांत बसवतात. हा प्रश्न गॅरेजमध्ये नेण्याआधी सोसायटीच्या कमिटीपुढे मांडून पाहा.

३. किती मिमी योग्य? २५, ४० की सरळ दोन इंच?

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) अशा गाडीला २० ते ३० मिमी. पूर्णपणे स्वतंत्र मागचं सस्पेन्शन असलेल्या गाडीला (चारही चाकांवर चालणाऱ्या डस्टर एडब्ल्यूडीसारख्या) ३० ते ४० चालू शकतात, पण एक्सलचे कोन तपासूनच (प्रश्न ८). शासीवर (वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या, मागे सलग एक्सल असलेल्या गाड्या ४० मिमी आरामात पेलतात. दोन इंच म्हणजे ५० मिमी. तिथपासून पुढे लोअर आर्म, लिंक रॉड, ब्रेकचे होज (लवचिक नळ्या), कधीकधी प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन असं एकेक काम निघत जातं. शाळेची ने-आण करणाऱ्या गाडीला ते कशाला?

माझं मत विचाराल तर ३० च्या वर जाण्याचा विचार डोक्यात आला की आधी टायर आणि कवच झालं आहे का ते पाहा. बहुतेकांचं झालेलं नसतं.

४. आधी टायर घ्यावेत की आधी लिफ्ट?

टायर. टायरचा व्यास वाढला की वाढीच्या निम्मी उंची मिळते, आणि ती एक्सल, आर्म, चेंबर सगळ्यांना मिळते. उदाहरणार्थ जुन्या पिढीच्या डस्टरचा मूळ टायर २१५/६५ आर१६ आहे, व्यास सुमारे ६८६ मिमी. २१५/७० आर१६ लावला तर व्यास ७०७ होतो आणि गाडी साधारण ११ मिमी वर येते. त्या बदल्यात स्पीडोमीटर तीन टक्के कमी दाखवायला लागतो: काटा १०० वर असेल तेव्हा गाडी १०३ च्या आसपास असते. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. पिकअप मंदावतो, ब्रेकवर ताण येतो, आणि पूर्ण वळवलेल्या चाकाचा खांदा आतल्या प्लॅस्टिकला घासतो. रिव्हर्समध्ये, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण फिरवून, पाठीमागे दोन माणसं बसवून तपासा. नुसती गाडी पुढे घेऊन 'घासत नाही' म्हणणाऱ्या टायरवाल्यावर विश्वास ठेवू नका.

पकडीचा मुद्दा तर वेगळाच. उंचीने पकड मिळत नाही. जुलैत जव्हारकडच्या लाल चिखलात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रुतते, कारण हायवे टायरच्या खाचा चिखलाने भरून जातात. सौम्य नक्षीचे ऑल-टेरेन टायर, आणि कच्च्या रस्त्यावर हवा ३३ वरून २४-२५ पीएसआयवर आणणं, या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो कुठल्याही स्पेसरने (उंची वाढवणाऱ्या चकतीने, प्रश्न ५) पडत नाही. हवा कमी केली की वेगही कमी ठेवा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी भरून घ्यायला छोटा कॉम्प्रेसर सोबत असू द्या.

५. स्पेसर, लांब स्प्रिंग आणि रबरी बफर यात फरक काय? गॅरेजवाला म्हणतो सगळं सारखंच.

सारखं अजिबात नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रकार, स्ट्रटच्या डोक्यावरचा स्पेसर. शॉकअपचं वरचं माउंटिंग आणि बॉडी यांच्यामध्ये धातूची किंवा पॉलियुरेथेनची चकती बसते. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, त्यामुळे गाडी चालवताना जवळपास पूर्वीसारखीच वाटते. पण खड्ड्यात चाक लोंबकळतं तेव्हा ते आता स्पेसरच्या जाडीइतकं आणखी खाली जातं. एक्सलचा कोन आणि ब्रेकचा होज यांची खरी परीक्षा त्या क्षणी असते. गाडी जमिनीवर उभी असताना सगळं ठीकच दिसतं.

दुसरा, स्प्रिंगच्या बैठकीखालचा स्पेसर. इथे चकती स्प्रिंग आणि तिच्या वाटीमध्ये जाते. शॉकअप उभ्या गाडीतच जास्त लांबलेला राहतो, म्हणून चाकाला खाली जायला जागा कमी उरते. मोठ्या खड्ड्यातून चाक खाली सुटलं की शॉकअप शेवटपर्यंत ताणला जाऊन 'टक्' असा आवाज देतो. मागच्या बाजूला, जिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात तिथे, हाच प्रकार सर्रास वापरतात, आणि २० मिमीपर्यंत तो ठीक आहे.

तिसरा, लांब किंवा जाड तारेची स्प्रिंग. महाग, पण गाडी नेहमी भरलेली असेल तर योग्य उत्तर हेच. वजन पडल्यावर मागची बाजू कमी बसते. तोटा असा की रिकाम्या गाडीत मागे बसलेल्यांना पाम बीच रोडसुद्धा खडबडीत वाटतो. स्प्रिंग बदलत असाल आणि शॉकअप जुने झाले असतील तर दोन्ही एकदमच बदला. ताठ स्प्रिंगला मेलेला शॉकअप आवरू शकत नाही. गाडी उसळत राहते.

चौथा, रबरी बफर, म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये दाबून बसवायचा गोळा. 'पाच मिनिटांत उंची वाढवा' म्हणून मिळतो तो हाच. त्याने स्प्रिंगचे ते दोन वेढे काम करेनासे होतात आणि त्यांचा भार उरलेल्या वेढ्यांवर पडतो. स्प्रिंग एका जागी जास्त वाकू लागते, रंग निघतो, गंज धरतो. लांबच्या प्रवासाला सामान जास्त असेल तेव्हा तात्पुरता लावला तर एक वेळ चालेल, पण कायमचा ठेवू नका.

चकत्यांमध्ये लाकूड, कापलेला पाइप, एकावर एक वेल्ड केलेले वॉशर असले जुगाड वागळे इस्टेटच्या गल्लीत काय किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत काय, कुणी सुचवले तर चहा पिऊन निघून या.

६. २० मिमीचा स्पेसर टाकला आणि पुढून गाडी ३५ मिमी उचलली गेली. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही, हिशोब आधी कोणी केला नाही एवढंच. एर्टिगासारख्या गाडीत स्ट्रट चाकाच्या अगदी जवळ असतो, म्हणून २० मिमीची चकती साधारण २० मिमीच उचलते. इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओच्या पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आहे. तिथे शॉकअपचा खालचा बोल्ट लोअर आर्मवर चाकापासून बराच आत असतो, आणि वरची छोटी हालचाल चाकाजवळ दीडपट ते दुप्पट होते. म्हणून किट घेताना 'चकती किती जाड' हा प्रश्न नाही, 'माझ्या मॉडेलला चाकापाशी किती मिळणार' हा प्रश्न विचारा. उत्तर देता न आलं तर तो विक्रेता आपला नाही.

७. पुढे-मागे सारखंच उचलायचं, की मागे जास्त?

भरलेली गाडी सपाट दिसली पाहिजे, रिकामी नव्हे. त्यामुळे बहुतेक कौटुंबिक गाड्यांना मागे पुढच्यापेक्षा ५ ते १० मिमी जास्त लागतात. सीएनजीची गाडी असेल तर आणखी थोडे, कारण डिकीतलं सिलिंडर सामानाआधीच तिथे बसलेलं असतं.

फक्त पुढची बाजू उचलण्याचा मोह टाळा. २६०० मिमी अंतरावर पुढून २५ मिमी उचलले की हेडलाइटचा झोत १० मीटरवर जवळपास १० सेंमी वर जातो. लो बीम मुळात साधारण तेवढाच खाली झुकवलेला असतो. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत तुमचा लो बीम हाय बीमसारखाच जाणार. लिफ्टनंतर भिंतीसमोर गाडी लावून लाइट पुन्हा जुळवा. डॅशबोर्डवरच्या लेव्हलरवर विसंबू नका. तो गाडी भरलेली असतानासाठी राखून ठेवा.

८. एक्सल लवकर जातात असं ऐकलं. खरं की अफवा?

अर्धं खरं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात आणि त्यांच्यावर ग्रीसने भरलेले रबरी बूट. गाडी वर गेली की एक्सल खाली झुकतो, जॉइंट कायम तिरपा फिरतो. २५ मिमीपर्यंत हा तिरपेपणा निरोगी एक्सलला सहन होतो. ४० च्या पुढे, त्यातही चाक लोंबकळत असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून अॅक्सिलरेटर दिला, की बूटच्या घड्या एकमेकींवर घासून चिरतात.

बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडलं जातं. गाडी धुताना तिथे काळे चिकट शिंतोडे दिसले तर लगेच दाखवा. त्या वेळी बूट आणि ग्रीसवर काम भागतं. वळताना कटकट आवाज येईपर्यंत थांबलात तर बाहेरचा जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना थरथर आली तर आतला जॉइंट तपासा. आधीच लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचे बूट लिफ्टच्या दिवशीच नवे घालणं शहाणपणाचं.

९. फिटिंगच्या दिवशी उभं राहून नेमकं काय बघायचं?

स्ट्रट उघडताना स्प्रिंग दाबायचं शिकंजं वापरलं जातंय का, ते आधी पाहा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. दोरीने किंवा जॅकने काम भागवणाऱ्याला थांबवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बुशकडे. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश हे रबर आहे, ते पिळवटून काम करतं. गाडी हवेत लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट घट्ट केले, तर जमिनीवर आल्या क्षणापासून ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून ते बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि मगच शेवटचा पाना मारायचा. हे करणारा मिस्त्री मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

पुढची तपासणी चाक पूर्ण लोंबकळत असताना: ब्रेकचा होज ताणला जातोय का, एबीएस सेन्सरची वायर तंग झाली का, लिंक रॉड कुठे टेकतोय का, हँडब्रेकची केबल मोकळी आहे का. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा हेच सगळं. स्पेसरसोबत आलेल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा हवा. कोरं डोकं असेल तर बोल्ट परत करा.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट. उचलल्यावर टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर दिशा) बिघडतो आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) किंचित बाहेर जातो. टो तर जुळवता येतो. कॅम्बर जुळवायची सोय कित्येक गाड्यांत मुळात नसतेच, तिथे कॅम्बर बोल्ट लागतात. टॉर्शन बीमला मागे जुळवण्यासारखं काही नसतं, तेव्हा 'चारही चाकांचं अलाइनमेंट' म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. साधारण ५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) तपासा.

१०. गाडी उंच झाली की उलटायचा धोका वाढतो ना? घरी लहान मुलं आहेत.

वाढतो, आणि किती ते मोजता येतं. गुरुत्वमध्य ६०० मिमीवर आणि चाकांमधली रुंदी १५०० मिमी धरली, तर स्थैर्याचं गुणोत्तर (निम्मी रुंदी भागिले ही उंची) १.२५ येतं. २५ मिमी वर नेल्यावर ते १.२० होतं. फरक आहे, पण माळशेजच्या वळणावर वेग थोडा कमी ठेवून तो भरून निघतो.

आता हीच गणना टपावरच्या कॅरिअरची करा. माणसांसह १५५० किलो भरलेल्या गाडीच्या टपावर, जमिनीपासून १.८ मीटरवर, ५० किलो सामान बांधलं तर गुरुत्वमध्य जवळपास ४० मिमी वर जातो. माफक लिफ्टपेक्षा जास्त! तरी लिफ्टची काळजी करणारे पालक तंबू, गॅस आणि पाण्याचे कॅन बिनधास्त टपावर टाकतात. जड सामान डिकीच्या तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवा. टपावर गाद्या आणि चटया.

११. आरटीओ पकडेल का? इन्शुरन्स आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, म्हणून '२५ मिमी कोण मोजतंय' असं गॅरेजमध्ये सर्रास बोललं जातं. त्यावर विसंबू नका. एमएच-०४ असो की एमएच-४३, बदल नियमात बसतो की नाही हे आपल्या आरटीओत आधी विचारा. त्यातल्या त्यात निर्धास्त मार्ग म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला दिलेली स्प्रिंग किंवा टायरचं माप वापरणं.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. न कळवता अपघात झाला तर दावा अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. वॉरंटीत असलेल्या गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि एक्सल यांवरचा दावा नाकारला जाण्याची तयारी ठेवा. गाडी नवीन असेल तर वॉरंटी संपेपर्यंत टायर आणि कवचावर भागवा.

१२. आमच्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या) आहे. अडचण येईल?

येऊ शकते. पॅलेटवर लिहिलेली कमाल उंची वाचा आणि त्यातून गाडीची नवी उंची वजा करा, अँटेना आणि कॅरिअर धरून. एसयूव्हीला आधीच दोन-तीन बोटांची फट उरत असेल तर ३० मिमी तिथेच संपतात.

१३. पावसात पाणी साचतं तिथून काढायला उपयोग होईल का?

जवळपास नाहीच. २५ मिमीने पाण्याचा हिशोब बदलत नाही. इंजिन हवा कुठून घेतं ती जागा बघून ठेवा; पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं की थांबा. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करू नका.

१४. माझी बोलेरो आहे, मागे पाटे आहेत. तिला काय करायचं?

एक पाटा वाढवला की उंची मिळते, भार पेलायची ताकदही मिळते, पण रिकामी गाडी मागून आपटते. पाट्यांची कमान बसली असेल तर त्यांना पुन्हा बाक द्यायचं काम कल्याण फाटा, शिळफाटा भागात ट्रकवाले करून घेतातच. यू-बोल्ट मात्र दर वेळी नवेच घाला. एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालणंही होतं. तो फक्त मागे, आणि एकच. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही.

१५. इलेक्ट्रिक गाडी किंवा एडीएएसवाली (कॅमेरा-रडारने ड्रायव्हरला मदत करणारी) गाडी उचलता येते का?

इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरी सपाट पसरलेली असते, म्हणून उंचीची तिला गरज खरी. पण मोटरचा टॉर्क सुरुवातीपासून पूर्ण मिळत असल्याने तिरप्या एक्सलवर ताणही जास्त येतो. शिवाय बॅटरीच्या वॉरंटीपुढे २५ मिमीची किंमत काहीच नाही. वॉरंटी आहे तोवर हात लावू नये असंच मी सांगेन, आणि मुरुमाच्या रस्त्याला घरची दुसरी गाडी न्यावी.

एडीएएसचा कॅमेरा आणि रडार ठरावीक उंची आणि कोनाला जुळवलेले असतात. गाडी उचलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशन सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावं लागतं, आणि बदल केलेल्या गाडीचं करून देतील का हे फिटिंगच्या आधी विचारा. आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा चुकीचं बघत असण्यापेक्षा नसलेली बरी.

१६. लिफ्टनंतर जवळपास कुठे नेऊन बघायचं? येऊरला चालेल?

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथल्या पायवाटा गाडीसाठी नाहीत. माथेरानला दस्तुरीच्या पुढे गाडी जातच नाही. पहिली चाचणी ओळखीच्या फार्महाऊसचा रस्ता, मुरबाड-शहापूरकडचे धरणांच्या बाजूचे कच्चे रस्ते अशा ठिकाणी करा, कोरड्या दिवशी. लोणावळ्याहून राजमाची-उधेवाडीचा रस्ता अनेकांच्या मनात असतो. तो दगडांचा आहे, अधेमधे ओढे आहेत, आणि फक्त दोन चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीने पावसाळ्यात तो धरू नये, लिफ्ट असो वा नसो. भातखाचरांच्या बांधावरून गाडी घालणं तर सोडाच, त्यांच्या कडेला वळवूही नका. चाकाने एकदा फुटलेला बांध शेतकऱ्याला अख्खा पावसाळा पुरतो.

१७. लिफ्ट केली, तरी पोट घासतंच. आता?

जुन्या चाकोऱ्यांमधला मधला उंचवटा बघा. ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोरीत उतरलात तर कितीही उचललेली गाडी पोटावर बसेल. एक चाक उंचवट्यावर, दुसरं कडेवर ठेवून चाला. पुढे कुणीतरी उतरून वाट दाखवू द्या. तेवढ्यानेही भागत नसेल तर प्रश्न २ मधली टेपची मोजणी भरलेल्या गाडीवर पुन्हा करा. लिफ्ट पुढे मिळाली आणि वजन मागे पडलं, असं निघण्याची शक्यता बरीच आहे.

कवच लावलेलं असेल तर तेही तपासा. दोन-तीन मिमी जाड पत्रा आणि त्याचे ब्रॅकेट मिळून १० मिमी तरी खातात, आणि स्वस्तातला पत्रा एकदा वाकला की त्याहून जास्त. ऑइल बदलायला त्याला भोक ठेवलं आहे ना, हेही बघून घ्या. नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला पूर्ण पत्रा उतरवावा लागेल.

१८. जुनी गाडी घेतोय. ती कोणी आधी उचललेली आहे का, कसं कळेल?

बॉनेट उघडून स्ट्रटच्या माउंटिंगचे बोल्ट पाहा: नवे, चकाकते किंवा एकमेकांशी न जुळणारे असतील तर शंका घ्या. चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारा. स्ट्रटच्या डोक्यापाशी किंवा स्प्रिंगच्या वाटीत वेगळ्या रंगाची चकती असेल तर ती दिसते. स्पेसर काढून टाकून विकणारेही असतात. त्यांच्या गाडीत पुढच्या टायरची एकच कड जास्त झिजलेली, बूटवर जुन्या चिरा आणि लोअर आर्मचे बुश फाटलेले मिळतात. लिफ्ट अजून लागलेली असेल आणि तुम्हाला नको असेल तर काढून टाकणं सोपं असतं, फक्त अलाइनमेंट आणि लाइट पुन्हा जुळवावे लागतात. मालकाने मूळ स्प्रिंग किंवा टायर बाजूला काढून ठेवले असतील तर व्यवहार ठरवतानाच ते मागून घ्या, आणि नवा विमा काढताना गाडीत काय बदललेलं आहे ते प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे लेखी कळवा.